वरच्या खालांचा डबा

वरच्या मजल्यावरच्या खालांच्या गोष्टीत राजा नव्हता, राणी नव्हती. पळी बोलायची, तुटकी बटणं भांडायची आणि शेवट हमखास रडवणारा. तरी इथे आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीतली पोरं संध्याकाळी त्यांच्याकडेच पळायची. माझी मैथिली सगळ्यांत पुढे.

आता मीही मुलांसाठी गोष्टी लिहिते. पुण्याच्या मासिकांत छापून येतात, बरं का! पण घरात मराठीतून गोष्ट सांगायला बसले की मैथिली म्हणणार, "आई, नॉट नाऊ." आणि वर जाऊन हीच कार्टी विचारायची, "खाला, मग पळीचं काय झालं?" चक्क मराठीत! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा विचारलंच, हे सुचतं कुठून? खाला हसल्या. "रत्नागिरीला शाळेत एक फाटकं भाषांतर होतं गो बाय, डेन्मार्कच्या लेखकाचं. त्याची सुईसुद्धा तोऱ्यात बोलायची. तेव्हाच म्हटलं, राजवाडा हवाच कशाला? आपलं स्वयंपाकघर हाय ना!"

"पण पोरांना रडवायचं कशाला?"

"रडतात, नि उद्या परत येतात."

त्याच लेखकावर मी कॉलेजात भाषण ठोकलं होतं. परीकथेला त्याने घरातली बोलती भाषा दिली, वगैरे. बक्षीसही मिळालं होतं. ती भाषा उचलली मात्र खालांनी.

गोष्ट संपली की मैथिलीच्या हाती वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा यायचा. असा डबा आपल्यात कोणी रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी तो लख्ख घासून रिकामाच धाडायचे. तोही मैथिलीच्याच हातून. खाला भेटल्या की उलट म्हणायच्या, "बाय, तुझं मन मोठं गो." टोमणाच मारतायत, असं मी ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यात त्यांचे मिस्टर रिटायर झाले, व्हिसा संपला, खाला रत्नागिरीला गेल्या. डबा आमच्याकडेच ठेवून गेल्या. खरं सांगते, मला हायसं वाटलं. आता मैथिली माझी.

त्याच संध्याकाळी ती ओट्यापाशी आली. "आई, गोष्ट सांगू?" मराठीत! मी गॅस बंद केला आणि खालीच बसले.

"एक डबा होता. खाली येताना तो भरलेला असायचा आणि वर जाताना रिकामा. त्याला खूप लाज वाटायची. म्हणून एक मुलगी जिन्यात थांबून त्यात आपलं चॉकलेट ठेवायची. आणि वर जाऊन सांगायची, आईने दिलंय."