राउटरचं बटण

अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हापासून सासूबाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. रोज चामराजपेटच्या घरून चिकपेटच्या बाजारापर्यंत पायी जाऊन येणारी बाई ती! पण अण्णांना एकटं कसं सोडायचं? सोबतीला बाई ठेवू म्हटलं तर अण्णा म्हणायचे, "मी काय तान्हं बाळ आहे?" शेवटी खुर्चीवर नजर ठेवणारा कॅमेरा तेवढा त्यांनी चालवून घेतला, तोही तोंड वाकडं करून.

एका रविवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माझ्या घरून, एचएसआर लेआउटहून, छोटा संगणक घेऊन गेले. पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पाटी, तिला कॅमेरा जोडलेला. टीव्ही आणि कीबोर्ड लावून वायफायची सेटिंग करायला बसले, तर अक्का खुर्ची ओढून शेजारी हजर. "मला शिकव. बिघडलं की तू तिकडून धावत येणारेस का?"

मी तापट. शिकवणं माझ्या रक्तात नाही. त्यात वायफाय चालूच होईना, कारण आपण कुठल्या देशात आहोत हे आधी सांगावं लागतं. अक्कांनी यादीत भारत शोधला. "एवढंही ठाऊक नाही ह्याला?" मग पासवर्ड. टाइप केलेलं पडद्यावर दिसतच नाही, मग चूक कळणार कशी? मी कीबोर्ड ओढायला गेले, तर "स्वल्प थांब गं!" म्हणत त्यांनी माझा हात बाजूला सारला. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. मी तर केव्हाच वैतागून उठले असते. आणि लागलं की हो! अक्कांच्या फोनच्या पडद्यावर खुर्चीत पेपर वाचणारे अण्णा दिसले. काय अभिमान वाटला मला त्या बाईचा!

आम्ही दोघी चिकपेटला निघालो. कोपऱ्यावर अक्कांनी फोन काढला, तर चित्र गायब. तशाच मागे पळाल्या, मी मागोमाग.

अण्णा खुर्चीतच होते, मजेत. वायफायचा राउटर मात्र बंद. निघताना सवयीनं अक्कांनीच त्याचं बटण बंद केलं होतं. बाहेर पडताना घरभर फिरून नको ती बटणं बंद करायची, हे वळण ह्या घराला अण्णांनीच लावलेलं. एक दिवा उगाच जळताना दिसला तर आजही घर डोक्यावर घेतात.

मी कपाळाला हात लावला. अक्का मटकन खाली बसल्या. "राहू दे. मी नाही जात कुठे."

अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. "चिकटपट्टी आण," मला म्हणाले. भिंतीला धरून उठले, बटण चालू केलं आणि त्यावर पट्टी चिकटवून टाकली. "ह्याला आता कुणी हात लावायचा नाही. सरी? कळलं ना?"

पुन्हा तोच कोपरा, पुन्हा फोन. अण्णा थेट कॅमेऱ्याकडे बघत होते आणि हातानं खुणावत होते, जा, जा.

अक्का चिकपेटपर्यंत चालत गेल्या. डोळे पुसत, पण तरातरा.