उसामागचं एलेव्हेशन

"मॅडम, जोतं अजून वाढवा."

सुनंदावहिनींचा हा तिसरा फोन. जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची. मी दोन फूट धरलं होतं, त्यांना चार पाहिजे होतं. का, ते काही सांगत नव्हत्या. बारामतीत वीस वर्षं आर्किटेक्ट आहे मी. क्लायंटच्या मनातलं आपल्याला आधीच कळतं, असा माझा तोरा. इथं मात्र डोकंच चालेना.

घर निरवांगी गावचं. वहिनींचे मालक दत्ताभाऊ यांना रानात 'फार्महाऊस स्टाईल' बंगला हवा होता. परदेशी घरांचे फोटो त्यांनीच मोबाईलवर पाठवले होते. पांढऱ्या भिंती, काळ्या खिडक्या, उतरतं छप्पर, पुढं लांबलचक व्हरांडा. फेब्रुवारीत ऊस तुटून गेल्यावर मी जागा बघून आले. त्यांच्या जुन्या दोन खोल्या सोडल्या तर नुसतं मोकळं रान, दीडशे फुटांवर रस्ता, त्याच्या पलीकडं देवळाचा कळस. मी खूश! घर मुद्दाम बुटकं आणि पसरट ठेवलं. समोरून दिसणाऱ्या घराच्या चेहऱ्याला आम्ही एलेव्हेशन म्हणतो. ते फार झकास जमलंय, असं माझं मीच ठरवून टाकलं.

घरात दत्ताभाऊंचे वडील, तात्या. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. खुर्ची चढवायला रॅम्प लागतो, आणि एक फूट चढायला बारा फूट लांबी. चार फुटांच्या जोत्याला अठ्ठेचाळीस फूट. दत्ताभाऊ म्हणाले, "एवढा लांब? इमान उतरवायचंय व्हय?"

मी वहिनींना विचारलं, "सापांची भीती वाटते का?"

"साप हायतच की. त्येचं काय!"

"मग पावसाचं पाणी शिरतं?"

"न्हाय वो."

"वास्तुवाल्यानं सांगितलंय?"

"न्हाय मॅडम. तुमी आत्ता एकदा येऊन बघा."

"अहो, बघितलीय मी जागा. फोटो आहेत माझ्याकडे."

"ते फोटो तवाचं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला रागच आला. शेजाऱ्यापेक्षा उंच घर हवं असणार, दुसरं काय! मग घर उंच वाटावं म्हणून मी खांब बारीक आणि उभट केले, छप्पर आणखी चढवलं. पुन्हा ड्रॉइंग पाठवलं. वहिनींचं उत्तर आलं, "छान हाय. पर जोतं?" मी कपाळावर हात मारला.

गणपती उठल्यावर आखणीला गेले. पाया कुठं खणायचा, ते चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर काढायचं, ती आखणी. दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता. आणि मला साइटच सापडेना! दोनदा पुढं निघून गेले. शेवटी दत्ताभाऊ रस्त्यावर येऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधून एक वाट. आत पोचले तर रस्ता गायब, कळसही गायब.

जुन्या दोन खोल्यांपुढं तात्या खुर्चीत बसले होते. वहिनींनी शेजारी माझ्यासाठी खुर्ची ठेवली. "बसा. नुस्तं बसा."

बसले. समोर ऊस. पलीकडून मोटारसायकल गेली.

"कोन गेलं गं?" तात्यांनी विचारलं.

"दिसत न्हाय तात्या," वहिनी म्हणाल्या.

थोड्या वेळानं ट्रॅक्टर वाजला. "कोन गेलं?"

"कळत न्हाय तात्या."

जन्मभर चार माणसांत बसलेला माणूस. आता राहिलेले दिवस त्यानं पानं बघत काढायचे, आणि मी त्याची सोय करून ठेवलेली, पांढऱ्या भिंतींसकट! मला फार लाज वाटली.

तिथंच हिशेब केला. खुर्चीत बसलेल्याचे डोळे चार फुटांवर. जोतं चार धरलं तर आठ. ऊस तर बारा फुटांवर जाणार. म्हणजे वहिनींचा उपायही अपुराच. घर रस्त्याकडं सरकवावं, तर पुढच्या पट्ट्यावरून विजेच्या मोठ्या तारा.

"दत्ताभाऊ, एवढ्या पुढच्या पट्ट्यात ऊस नको. भुईमूग लावा, कांदा लावा."

"मॅडम, सगळ्यात बेस रान हाय ते!"

"माझ्यापायी ऊस मोडू नगा," तात्या म्हणाले.

तात्यांसमोर कधी उलट शब्द न काढणाऱ्या वहिनी एकदम बोलल्या, "तात्या, तुमी दिसातनं पन्नासदा इचारता कोन गेलं. मी काय सांगत जाऊ?"

दत्ताभाऊंनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "हा ऊस तुटू द्या. पुढच्याला भुईमूग टाकू."

जोतं दोन फूटच राहिलं. तेव्हापासून रानातलं घर काढायला घेतलं की मी पहिलं विचारते, समोर बारा महिने काय उभं असतं? आणि जागा दोनदा बघते, पीक निघाल्यावर आणि पीक उभं असताना.

पुढच्या वर्षी वास्तुशांतीला गेले. तात्या व्हरांड्यात बसून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाका मारत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. कौतुक ऐकायची हौस, दुसरं काय! विचारलं, "तात्या, कसं झालंय घर?"

"झ्याक," तात्या म्हणाले. "जरा बाजूला व्हा मॅडम. रस्ता दिसंना."