सासूबाईंचं स्वतंत्र खातं

आमच्या घरात सगळं सासऱ्यांच्या नावावर आहे. सुकापूरचा हा फ्लॅट, विजेचं मीटर, गॅस, वर्तमानपत्राचं बिल. जिन्यात पडून असणाऱ्या मांजरालाही शेजारचे ‘तुमच्या बाबांचं मांजर’ म्हणतात, कारण ते त्यांच्याच चपलांवर झोपतं. त्यामुळे माझ्या नणंदेने आईसाठी पाठवलेला स्मार्ट स्पीकर आला आणि त्याचं खोकं सासऱ्यांनी फोडलं, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी पोह्यांना फोडणी देत होते, आणि हातात उलथनं असताना मी सहसा क्रांती करत नाही.

भेट माझ्या सासूबाईंसाठी होती. मी त्यांना आई म्हणते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. टीव्ही बंद, मोबाइल बंद, दुपारभर डोळ्यांत थेंब घालून पडून राहायचं. नणंदेने फोनवर बजावलं होतं, “आईला निदान तिची गाणी ऐकता येऊ देत.”

“जोडून देतो,” सासरे म्हणाले, आणि त्यांनी स्पीकरला गाण्यांचं खातं जोडलं. स्वतःचं. वायफायपाशी अडलं तेव्हा मला हाक मारली, म्हणून स्पीकरचं अ‍ॅप माझ्याही फोनवर आलं. ही त्यांची या प्रकरणातली एकमेव चूक, आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला हे आधीच सांगून टाकते.

पोह्यांच्या डब्याएवढं ते यंत्र. त्याला मराठी येत नव्हतं. त्याने हिंदीत सासऱ्यांचं नाव घेऊन स्वागत केलं. नुसतं नाव, पुढे ‘जी’ नाही, ‘साहब’ नाही. सासरे खुलले. “बघा, ओळखतो मला!”

आता त्यांची गाणी. सासऱ्यांना शास्त्रीय संगीत लागतं, तेही वेळेबरहुकूम. सकाळचा राग चुकून अकरानंतर वाजला तर ते उठून खिडक्या लावतात. नाहीतर शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्या घरात घड्याळ नाही. आणि आईंचं माहेर करंजाचं. धक्क्यावर मासे वाळताहेत आणि कुणाच्या तरी मांडवात हळदीचा बेंजो वाजतोय, अशा दुपारींत त्या वाढल्या. वाळत्या माशांची हौस सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावर भागणार नव्हती. राहता राहिला बेंजो.

“अहो, हळदीचं एखादं लावा ना.”

“हळदीचं? कुणाचं लग्न आहे?”

“लग्न कशाला पायजे? मला ऐकायचंय.”

“तो गोंगाट आहे. तुझ्या डोळ्यांना त्रास होईल.”

“डोळ्यांना? कानांनी ऐकणार हाय मी!”

आई चिडल्या की त्यांच्या बोलण्यात करंजा शिरतं. सासरे हसले आणि त्यांनी दुपारचा राग लावला.

दुसऱ्या दिवशी सासरे बँकेत गेले असताना आईंनी स्वतःच स्पीकरला आपल्या हिंदीत सुनावलं, “ए डब्बा, हल्दी का गाना लगाव.” डब्याने निमूटपणे लावलं. एकामागून एक लावलं. दुपार मजेत गेली. पण ही यंत्रं आपल्या खात्यावर काय वाजलं ते ध्यानात ठेवतात आणि पुढे तसलंच वाढत राहतात. तिसऱ्या दिवशी पहाटे सासरे प्राणायामाला बसले, डोळे मिटले, म्हणाले, “मेरी पसंद का कुछ लगाओ,” आणि डब्याने बेंजो सोडला. मी स्वयंपाकघरातून धावत आले ती केवळ त्यांचा चेहरा बघायला.

“माझं खातं बाटवलंत!” सासरे गरजले. त्या दिवशी ते फोन घेऊन बसले आणि हळदीची गाणी म्हणणारा एकेक गायक शोधून ‘हा नको’, ‘ही नको’ करत बंद करून टाकला. पुढच्या दुपारी आईंनी गाणं मागितलं तर डबा म्हणाला, “माफ़ कीजिए, यह उपलब्ध नहीं है.”

“माझ्या खात्यावर ही गाणी वाजणार नाहीत,” सासऱ्यांनी निकाल दिला. “घरात एक खातं आहे, पुरे आहे.”

आई पलंगावर उठून बसल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर असा भाव की मी हातातलं काम ठेवलं. “मग मला माझं खातं पायजे,” त्या म्हणाल्या. “डबा माझा हाय. लेकीने मला पाठवलाय.”

माझा नवरा अशा वेळी बाल्कनीत कपडे वाळत घालायला जातो. त्या दिवशी दोरीवर कपडे नव्हते आणि बादलीतही नव्हते, तरी गेला.

शनिवारी सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गेले आणि आम्ही दोघी बसलो. खात्याला जन्मतारीख हवी होती.

“एक जून घाल,” आई म्हणाल्या. “शाळेत लावलेली. खरी कुणाला ठाऊक हाय?”

“आणि नाव?”

मी फोनवर त्यांचं नाव टाइप करायला घेतलं होतं, जे पत्रिकांवर असतं, बँकेत असतं, जे मला माहीत आहे.

“थांब. ते लग्नातलं. ते यांनी ठेवलं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. मला कुणी विचारलंबिचारलं नाय.” मग त्यांनी मला दुसरं नाव सांगितलं. माहेरचं. लग्न होऊन या घरात येऊन मला पंचवीस वर्षं होत आली, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. छोटंसं, खट्याळ नाव होतं, परकर-पोलक्यातलं. “ते टाक,” म्हणाल्या.

मी टाकलं. खातं उघडलं, अ‍ॅपमधून स्पीकरला जोडलं, आणि मग यंत्राचा नियम माझ्या लक्षात आला. सासऱ्यांनी आपलं खातं ‘मुख्य’ करून ठेवलं होतं. ते चालू असताना तोंडी हुकमाने दुसरं लावायचं तर आधी त्याला नाव घेऊन सांगायचं, ‘अमुक का अकाउंट बंद करो.’ मगच ते दुसऱ्याकडे वळे. मी सून असून सासऱ्यांचं नाव खणखणीत घेतलं. माझ्या पिढीला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं, आणि जे वाटलं ते फार छान होतं. डबा म्हणाला, “ठीक है.” मग त्याने आईंचं माहेरचं नाव उच्चारून नमस्ते केलं आणि बेंजो सुरू झाला.

आई बसल्या जागी खांदे उडवायला लागल्या. तेवढ्यात दारात सासरे.

“हे काय? आणि कोण ही बाई? आत्ता डब्याने कुणाचं नाव घेतलं?”

“माझं,” आई म्हणाल्या.

सासरे जागच्या जागी उभे. नाव आठवायला त्यांना वेळ लागला, आणि वेळ लागला हे आईंनी काळ्या चष्म्यातूनही बरोबर पाहिलं. मला वाटलं, आता चिडतील. पण सासरे मोठ्या साहेबाच्या खाली आयुष्यभर फायली सांभाळलेले; ते चिडले नाहीत. शांतपणे सोफ्यावर बसले, डब्याला एक वाक्य सांगितलं, आणि त्यांचं मुख्य खातं परत आलं. संध्याकाळचा राग सुरू झाला.

“खातं काढलंस, उत्तम केलंस. मी अडवलंय का? यंत्र सगळ्यांचं ऐकतं. माझं बंद कर, तुझं लाव. फक्त नाव घेऊन सांगायचं.”

एवढं बोलून ते असे हसले की मला त्यांचा डाव संपूर्ण उलगडला. आईंनी आपल्या नवऱ्याचं नाव कधीही घेतलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला उखाण्यात घेतलं असेल, मागे ‘राव’ लावून, यमकाच्या पदराआडून. नुसतं, उघडं, एकेरी नाव? दवाखान्यात नर्सने पेशंटच्या मिस्टरांचं नाव विचारलं तर आई माझ्याकडे बोट दाखवतात. सासऱ्यांना पासवर्ड ठेवायची गरजच नव्हती. त्यांचं नाव हाच पासवर्ड होता, आणि तो बायकोला म्हणता येत नाही याची त्यांना पक्की खात्री होती.

“बाबा, निदान खात्याचं नाव तरी बदला,” मी म्हटलं. “नुसतं ‘अहो’ ठेवा.”

“आई-वडिलांनी ठेवलेलं नाव आहे. बदलायचं कशासाठी?”

“आईंचंही आई-वडिलांनीच ठेवलं होतं,” मी म्हटलं. बाल्कनीत कपड्यांचा चिमटा पडल्याचा आवाज आला.

सोमवारपासून मी कळंबोलीला ऑफिसात. तिथून दुपारी फोनवरून खातं बदलून बघितलं. मी इथून बदलावं आणि सासऱ्यांनी घरी बसून एका वाक्यात परत आपलं करावं, असं चाललं. यंत्राला काही वाटत नव्हतं. ते दर वेळी ठीक है म्हणे. तोंडाने सांगणाऱ्यापुढे बोटाने सांगणाऱ्याचा टिकाव लागेना. शेवटी ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, मॅडम, तुमचं काय चाललंय, तेव्हा मी थांबले.

मग आईंनी एक युक्ती काढली. संध्याकाळी मी घरी आले तर त्या पदर सावरून डब्यासमोर उभ्या होत्या, आणि उखाणा घेत होत्या. “करंजाच्या धक्क्याला लागल्या बोटी, अमुकरावांचं नाव येतं माझ्या ओठी!” अमुक मी लिहिते आहे, त्यांनी खरंच घेतलं. डब्याचा दिवा फिरला, त्याने विचार केला, आणि करंजाचं उद्याचं हवामान सांगितलं.

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा हसण्याचा आवाज आला. चांगला मोठा, पोटातून. आईंनी तो ऐकला. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना ओळखते. त्या बोलत असतात तोवर काळजीचं कारण नसतं.

रविवारी दुपारी सासऱ्यांनी कट्ट्यावरचे दोन मित्र बोलावले. नव्या यंत्रावर गाणं ऐकायला. तिघे सोफ्यावर ओळीने बसले, सासरे हाताने सम दाखवताहेत, मित्र वा म्हणताहेत. आई स्वयंपाकघरात. मी चहा गाळला आणि ट्रे उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. चष्मा कपाळावर सारला. ठेवणीतला आवाज असतो ना, तसा चेहरा केला आणि निघाल्या. मी मागोमाग. नाटकात पहिल्या रांगेची जागा मिळाली तर कोण सोडतं?

ट्रे टीपॉयवर ठेवला. सगळ्यांना कप दिले. सासऱ्यांना साखर कमी आहे का विचारलं. मग डब्याकडे वळून, कमरेवर हात ठेवून, हाक मारली आणि सासऱ्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव. राव नाही, यमक नाही, पदर नाही. शाळेत मुलं मैदानातून एकमेकांना हाक मारतात, तशी.

“... का अकाउंट बंद करो.”

“ठीक है,” डबा म्हणाला. राग मध्येच थांबला. एका मित्राचा वा हवेत राहिला. आईंनी आपलं माहेरचं नाव सांगितलं, आपलं खातं मागितलं आणि हॉलमध्ये बेंजो घुमला.

“अगं...” सासरे एवढंच म्हणाले.

“बंद नाय करणार,” आई म्हणाल्या. “डबा माझा हाय, दुपार माझी हाय. राग ऐकायचाय तर सकाळी ऐका. चहा निवतोय.” आणि खुर्ची ओढून स्पीकरच्या शेजारी बसल्या. दोघा मित्रांपैकी जे जाडसे होते, त्यांचा पाय ठेक्यावर हलायला लागला. सासऱ्यांनी त्या पायाकडे रोखून पाहिलं. पाय थांबला नाही.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी जेवताना दुसरी पोळी घेतली नाही. मला वाटलं, रुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तर ते डब्याजवळ, म्हणजे त्या दुसऱ्या डब्याजवळ घोटाळताना दिसले. काल दुपारपासून त्यावर आईंचंच खातं होतं. एका वाक्याचं काम. रोज करत आलेले. पण वाक्य सांगेनात.

“अगं, ऐकलंस का? माझं खातं लावून दे जरा.”

“तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतो तो.”

“माझा घसा बसलाय. तू सांग. नाव घेऊन सांगितलं की लगेच लावतो.”

मी पोळी हातात धरून थांबले. कट्ट्यावर ते साहेब आहेत, सोसायटीत काका, आम्हाला बाबा, आईंना अहो. त्यांना नुसत्या नावाने हाक मारील असं आता कुणी उरलेलं नाही. डबा सोडला तर. आणि काल बायकोने मारली होती. खोकला काढत ते पुन्हा म्हणाले, “एकदाच म्हण. सवयीचं होईल तुला.”

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते म्हणायचा हक्क जिने मिळवलाय तिच्याकडेच राहू दे. आईंनी ते एकदा कामासाठी वापरलं होतं आणि काम झालं होतं. त्यांनी नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. डोळा आता चांगला साफ झाला होता. त्यांना सगळं दिसलं, याबद्दल मला शंका नाही.

“गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करा,” त्या म्हणाल्या. आणि डब्याला म्हणाल्या, “आवाज बढाव.”