ठाण्याला गेलेली

बाप वर्गाच्या दारात उभा राहिला. राहनाळहून सायकल हाणत आलेला, लेंग्यावर चिखल. मी नववीत होते. महिनाभर मला कुणी नसताना आवाज ऐकू येत होते, जेवण जात नव्हतं. बाप बाईंना म्हणाला, "पोरीला ठान्याला न्यायची हाय. दोन दिस सुटी द्या."

सगळा वर्ग खदखदून हसला. भिवंडीची माणसं ठाण्याला कापड घ्यायला जातात, कोर्टात जातात. पण कुणाला ठाण्याला 'न्यायचं' म्हटलं की त्याचा अर्थ एकच, वेड्यांचं इस्पितळ. बाईही हसल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "अहो, असं चारचौघांत सांगतात का? आणि हिला परत आणू नका. बाकीच्या मुली घाबरतील."

बाप खरं तेच बोलला होता. वर्ग का हसला ते मीच त्याला रस्त्यात सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात ठाण्याचं नाव बंद. जायचे मी ठाण्यालाच, पण सांगायचं, कल्याणला मामाकडे. महिन्याच्या महिन्याला कल्याण. गोळ्या तांदळाच्या डब्यात. आत्या आली की हसायचं, रडू आलं तर मोरीत जायचं. मला मामाच नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तरी कल्याण चालूच. आजारानं कोंडलं नाही एवढं मला त्या कल्याणनं कोंडलं.

शाळा सुटली ती सुटलीच. दहावी बाहेरून दिली.

नव्वद साल उजाडल्यावर इस्पितळातल्या समाजसेविका ताईंनी विचारलं, शाळेतल्या मुलांशी बोलशील का, आजार कसा असतो ते सांगशील का? मी हो म्हटलं. भिवंडीतल्याच एका हायस्कुलात गेले. हेडमास्तरांनी चहा पाजला आणि गोड आवाजात समजावलं, की स्वतःचं म्हणून सांगू नकोस, माझी एक मैत्रीण होती असं म्हण. पालकांना पेशंट आणलेली चालणार नाही. शिवाय तुझं लग्न व्हायचंय. मी मान हलवली. मान हलवायची मला सवयच लागली होती.

उभी राहिले. माझ्या मैत्रिणीला आवाज ऐकू यायचे, म्हटलं. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कुणी तिला शिव्या घालतंय असं वाटायचं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"ती आता कुठंय? मेली का?"

ती थट्टा करत नव्हती. उत्तराची वाट बघत उभीच होती. तिच्या घरात असं आजारी कुणीतरी होतं, नाहीतर ती स्वतःच तशी होती. या पोरीला मी खोटी बाई दाखवत होते.

"मेली नाही. ती मीच. मी ठाण्याला जाते, गोळ्या घेते, जगते."

हेडमास्तर ताडकन उठले. घंटा वेळेआधीच वाजली.

आठवडाभरात दापोड्याचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. आई कपाळाला हात लावून बसली. "आता कोन करंल तुला?" वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं.

कुणी न करो. त्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही, तर मी दुसऱ्या शाळेत जाईन. आत घेतलं नाही, तर फाटकाबाहेर उभी राहून बोलेन. पण मैत्रिणीची म्हणून एक ओळही सांगणार नाही.