धुक्याचा डबा

सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन महानंदाकाकू पूजेला बसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठत नाहीत. त्या दिवशी मात्र दार असं वाजलं, की डोळे उघडावेच लागले.

"काकू, ओ काकू! डबा मेला काय?"

आवाज भुजंगचा. काकूंनी लिंग कापडात गुंडाळून पुन्हा गळ्यात घातलं आणि गुडघ्यावर हात दाबून उठल्या. आज आठच्या एसटीनं लातूर गाठायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. गुडघ्याच्या डॉक्टरांकडचा नंबर आजवर दर वेळी काही ना काही निघून हुकला होता.

"टमाट्याला सकाळधरनं थेंब न्हाई बघा. व्हॉल्व्ह उघडंच ना."

रेणापूरजवळच्या त्या गावात काही शेतकऱ्यांनी मिळून ठिबकला ओल मोजणारी यंत्रं जोडली होती. मातीतली खबर तारेवाचून काकूंच्या माजघरातल्या डब्याकडे यायची आणि कुणाच्या रानात पाणी सोडायचं, ते डबा ठरवायचा. डबा इथंच का? तर घरात इन्व्हर्टर होता म्हणून. शिवाय नवरा, मलप्पा, भांड्यांचं दुकान घेऊन बाजारोबाजार फिरत असला तरी काकू सदा घरी. हे दुसरं कारण त्यांना विचारून ठरलं नव्हतं.

डबा बसवायला लातूरहून मंजुश्री आली होती. चहा पिता पिता तिनं समजावलं होतं, "सगळी माहिती क्लाउडवर, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरांकडं पाठवून उत्तराची वाट बघायची, तर इथल्या नेटवर टोमॅटो वाळून जातील, काकू. म्हणून जवळच विचार करणारं हे डोकं. याला फॉग म्हणतात. ढग वर असतो, धुकं जमिनीलगत. रोजची कटकट हे इथंच निपटवतं, गोळाबेरीज तेवढी वर पाठवतं."

काकूंनी आता डब्याला हात लावला. चटका बसला. दिवाही विझलेला. त्यांनी मंजुश्रीला फोन लावला.

"काकू, बाजूच्या जाळीवर काही आहे का?"

काकूंनी वाकून बघितलं. "विभूती हाय."

खंडेनवमीला तराजू-विळ्यांबरोबर डब्याचीही पूजा झाली होती. "आपल्या पाण्याचा धनी हाय ह्यो," म्हणत भुजंगनंच हट्ट धरला होता आणि काकूंनी ओल्या विभूतीची तीन बोटं मन लावून ओढली होती, नेमकी जाळीच्या भोकांवर. विभूती वाळून घट्ट बसली, हवा कोंडली, आणि तापून तापून डबा आपणच बंद पडला होता.

"म्हंजे देवानंच झोपवलं म्हणा की!" भुजंग खदखदून हसला.

"तू झोपव म्हणलास, भुजंगा. मी नुसतं थोपटलं."

जुन्या टूथब्रशनं जाळी घासली, डबा पंख्याखाली ठेवला. निवल्यावर हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं भुजंगच्या घरून फोन आला, पाणी सुटलं.

"पुन्हा तापतो का, तेवढं दुपारपर्यंत बघा हं, काकू," मंजुश्री फोनवर म्हणाली.

बघायचं काकूंनीच. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली. घडी घातलेलं नवं लुगडं काकूंनी परत कपाटात ठेवलं.

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा, मल्लेशचा फोन. "आई, निघालीस का डॉक्टरकडं?"

"न्हाई रे, जाईन. सगळं ठीक हाय." विभूती, भुजंग, गुडघ्यातली कळ, यातलं काहीच पुण्याला पोचलं नाही.

भुजंग दारात चप्पल चढवत होता. "लई तरास दिला, काकू. पहिल्या तोड्याचे टमाटे तुमचे. अजून काय पायजे, सांगा."

काकू उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एका पायावर भार देऊन.

"टमाटे नको. मला उद्या लातूरला जायचंय. मी येईपर्यंत तुझ्या घरचं कुणीतरी इथं डब्याजवळ येऊन बसू दे."