मॅडमचा हातगुण

मुरबाडच्या आमच्या केंद्रात हातपाय ताठ असलेली मुलं येतात. जन्मताना मेंदूला इजा झालेली. कुणाला बसता येत नाही, कुणाला उभं राहता येत नाही. केंद्र मी चालवते, शहापूरहून रोज एसटीने येऊन. परदेशातली एक मिशनची संस्था आमची भागीदार आहे. अधूनमधून ती एखादा जाणकार माणूस वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून पाठवते. तिचा आग्रह एकच, आलेल्या माणसाने स्वतः काम करत बसायचं नाही, इथली माणसं तयार करायची. याला ते लोक क्षमताबांधणी म्हणतात. बैठकीत मीही जोरात मान हलवली होती. मनात म्हटलं, आधी माणूस तर येऊ दे, मग बघू कोण कुणाला बांधतं ते.

आली ती एक फिजिओथेरपिस्ट. उंच, तिशीची, हसरी. तिने पाय हातात घेतला की रडणारं पोर गप्प व्हायचं. ती रविवारी प्रार्थना करायची, मी संकष्टी धरते. मुलांच्या पायांना दोन्हीचं सोयरसुतक नव्हतं. आमचं छान जमलं. इतकं छान की तो आग्रह आम्ही दोघी साफ विसरलो. सगळी मुलं तीच हाताळायची आणि मी शेजारी उभी राहून आयांना भाषांतर करून सांगायची. फुकटात मिळालेला चांगला हात कोण सोडतो?

मग गावोगाव बातमी पसरली की मॅडमच्या हाताला गुण आहे. झालं! आया मला पोरांना हातच लावू देईनात. मी पुढे झाले की म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या बाई, मॅडमला येऊ दे."

सगळ्यांत हट्टी होती धसईची एक आई. तिची मुलगी सहा वर्षांची, जिभेने तिखट, पण मांड्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. गुरुजी तयार होते, फक्त तिला खुर्चीत बसता यायला हवं होतं. त्यासाठी पायांना रोज ताण द्यायचा होता, रोज, घरच्या घरी. आई तिला कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा मुरबाडला यायची आणि घरी काही म्हणजे काही करायची नाही. विचारलं की म्हणायची, "माझ्या हाताला नाय गुण."

मॅडम मार्चअखेर परत जाणार होती. जानेवारीत एकदा हे डोक्यात आलं आणि मला घाम फुटला. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्यापासून तू एकाही मुलाला हात लावायचा नाहीस. नुसतं शिकवायचं."

"मुलांचं नुकसान होईल," ती म्हणाली.

"तू गेल्यावर होणारच आहे. मग तू इथे असतानाच होऊ दे."

तिने तोंड फुगवलं, पण ऐकलं. धसईच्या आईने मात्र ऐकलं नाही. मॅडम बाजूला उभी आहे आणि मी पाय धरतेय हे बघून तिने पोरीला उचललं आणि चालती झाली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मॅडम नुसती दाराकडे बघायची, आणि मला त्याचाच फार राग यायचा. तिकडे पाय आखडत चालले असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी माघार घेतली नाही. मी धसईची गाडी पकडली.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. उठली नाही.

"कशाला आल्यात? तुमीच नाय म्हनलात ना मॅडमला?"

"हो, मीच. आणि मार्चनंतर पोरीला कुठे नेशील? विमानाने?"

"आन् माझ्या हातून तिचा पाय मोडला म्हंजे? आधीच ती माझ्या पोटी अशी झालेय."

माझा राग कुठच्या कुठे गेला. ही बाई हट्टी नव्हतीच, घाबरलेली होती. इतके महिने आम्ही तिच्या डोळ्यांदेखत तिची पोर हाताळली आणि तिची भीती होती तिथेच ठेवली. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून पाय सुटत नाहीत. मी ओसरीवरची गोधडी अंगणात टाकली आणि साडी सावरत सरळ आडवी झाले.

"घे, आधी माझा मोड. पन्नाशीचा पाय आहे, मोडला तरी चालेल."

ती जागची हलेना. शेवटी ओसरीवरून पोरगीच ओरडली, "आई, कर ना गो!"

तेव्हा तिने माझी टाच धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि पाय वर न्यायला लागली. मी सांगत होते, हळू, हिसका नको, अडलं की तिथेच थांब. ती थांबायच्या ऐवजी जरा पुढे गेली आणि मी अशी किंचाळले की शेजारीण कुंपणाशी धावत आली. पोरगी हसून हसून लोळायला लागली.

"मोडला का?" मी विचारलं.

"नाय."

"कुठे अडलं ते हाताला कळलं?"

"कळलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

माझे दोन्ही पाय झाल्यावर तिने पोरीचे घेतले. त्यानंतर मॅडम दर आठवड्याला माझ्यासोबत धसईला यायची, ओसरीवर बसून चहा प्यायची आणि चुकलं तर नुसतं तोंडाने सांगायची. मी काही दिवस लंगडत होते, पण मॅडमला कारण विचारू दिलं नाही.

मार्चअखेरीस निरोपाला सगळ्या आया केंद्रात जमल्या. धसईची मुलगी खुर्चीत बसली होती, पाठ टेकून, पाय मोकळे खाली सोडून. मॅडमला राहवलं नाही. शेवटचं एकदा म्हणून ती खाली बसली आणि तिने पोरीच्या गुडघ्याकडे हात नेला. पोरीने तो बाजूला सारला.

"तू नको. माझी आई करते."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. मॅडमने मान हलवून मला थांबवलं. तेवढं मराठी तिला येत होतं.