सुरखीचा पूल

भित्री माणसं आमच्या हिंगोलीकडे पुष्कळ असतील, पण माझ्या थोरल्या साडूंइतकं मन लावून भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुसेगावात ते गवंडीकाम करत, आणि स्वतः बांधलेल्या भिंतीलाही कधी टेकून बसत नसत. लग्नाला गेले तरी अंगणाच्या मधोमध जेवायचे. पावसानं पत्रावळ भिजली तरी तिथेच. झोपायचेही उघड्यावर. बायको चिडली की म्हणायचे, "छत मीच घातलं हाय, म्हणून तर भेव वाटते."

लढाईच्या दिवसांत सिमेंटची पोती मिळेनाशी झाली आणि गावाबाहेरच्या नाल्यावरचा पूल अर्ध्यावर अडला. तेव्हा साडूंनी चिकणमाती भट्टीत भाजली, उखळात कांडली, वस्त्रगाळ केली आणि ती तांबडी सुरखी सिमेंटात मिसळली. प्रत्येक भट्टीतली चिमूटभर सुरखी ते जिभेवर ठेवायचे. "कच्ची असली तर चिखल व्हते, करपली तर कामाची न्हाई," असं म्हणून थुंकायचे. पूल उभा राहिला आणि गाव हसलं, "भाजक्या मातीचा पूल!" साडूंना त्याचा राग आला नाही, कारण पूल पडणार असं त्यांनाही वाटत होतं. रोज सकाळी जाऊन ते कमानीला कान लावत. वरून मात्र कधी गेले नाहीत.

त्याच पावसाळ्यात माझी बायको बाळंतपणाला बहिणीकडे, म्हणजे त्यांच्याच घरी होती. दुसऱ्या दिवशीही ती मोकळी होईना, तेव्हा सुईण म्हणाली, "हिंगोलीला न्या. माझ्या हातात काई न्हाई आता." भर दुपारी आम्ही तिला बैलगाडीत घातलं. नाल्यापाशी आलो तर गढूळ पाणी कमानीला घासत चाललेलं. गाडीवाला खाली उतरला. "भाजक्या मातीवर गाडी घालू? मी न्हाई जात." आत बायको कण्हत होती. मग तेही थांबलं.

साडू गाडीमागून चालत आले होते. त्यांनी पुढे येऊन बैलांची वेसण धरली.

"टिकंल ना बराबर?" मी विचारलं.

"मला काय माहीत, पाहुणे!" ते रडतच म्हणाले आणि चालू लागले. प्रत्येक पावलाला "आता पूल जाते, आता जाते" पुटपुटत होते. मधोमध एक ओंडका कमानीवर आदळला, पायाखालची फरशी हादरली, आणि साडू मटकन खाली बसले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते वेसण न सोडता पुन्हा उठले होते.

हिंगोलीत संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या. साडू मात्र त्या पुलावरून परतले नाहीत. पलीकडच्या एका गोठ्याबाहेर तीन दिवस राहिले आणि पाणी ओसरल्यावर नाल्यातला चिखल तुडवत घरी गेले.

बारशाला आले तेव्हा मला त्यांच्याशी पुष्कळ बोलायचं होतं. पण साडूसाडूंत तसं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी नुसतं लेकरू त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको पाहुणे, माझ्या हातून पडंल," ते म्हणाले, आणि लांबूनच तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझं बोलायचं ते राहूनच गेलं.